धरून ठेवण्याआधीची काही मिनिटं

बालगृहात किंवा निरीक्षणगृहात एखादं मूल बिथरलं, आरडाओरडा करू लागलं, की तीन-चार मोठ्या माणसांनी त्याला आवळून धरायचं आणि ‘शांत’ होईपर्यंत सोडायचं नाही, ही रीत जगभरच्या संस्थांत रुळलेली आहे. तिच्यावर चर्चा झालीच तर ती धरावं कसं याची होते. माझ्या मते प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एप्रिल २००४ मध्ये इंग्लंडमधल्या रेन्सब्रूक इथल्या मुलांच्या बंदिस्त केंद्रात १५ वर्षांचा एक मुलगा असा धरलेला असताना मरण पावला. वजन जेमतेम ४१ किलो. वाद सुरू झाला सँडविच टोस्टर साफ करण्यावरून. त्याने नकार दिला, त्याला खोलीत पाठवलं, तो गेला. प्रकरण तिथे मिटू शकलं असतं. पण कर्मचारी मागोमाग गेले आणि त्याच्या वस्तू उचलू लागले. त्यांत आईचा फोन नंबर लिहिलेला कागद होता. तेव्हा तो अंगावर धावून गेला आणि तिघांनी त्याला बसल्या जागी पुढे वाकवून जखडलं. श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता. ओरडता येतंय म्हणजे श्वासही घेता येतोय, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. सोळा वर्षांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कलामाझूच्या एका निवासी संस्थेत, १६ वर्षांच्या मुलाने जेवणघरात सँडविच फेकलं. अनेकांनी मिळून त्याला सुमारे १२ मिनिटं जमिनीवर दाबून धरलं. तो दोन दिवसांनी, १ मे २०२० रोजी गेला. दोन्हीकडे सुरुवातीला कुणाच्याही जिवाला धोका नव्हता. धोका होता तो मोठ्यांच्या शब्दाला.

हे कर्मचारी अडाणी होते, नीट प्रशिक्षण दिलं की झालं, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. रेन्सब्रूकमध्ये वापरलेली पकड सरकारमान्य होती, शिकवली जात होती. त्या मृत्यूनंतर ती मागे घेतली गेली. माणूस पालथा पडला, पुढे दुमडला गेला किंवा त्याच्या पाठीवर भार आला, की छाती पुरती फुगत नाही आणि पोट दबल्यामुळे श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. झटापटीमुळे शरीराला प्राणवायू तर नेहमीपेक्षा जास्त हवा असतो. गुदमरलेलं मूल जीव खाऊन हातपाय झाडतं. वरून धरणाऱ्याला तो प्रतिकार वाटतो, म्हणून तो आणखी दाबतो. मग मूल ढिलं पडतं, आणि तेच शांत झाल्याचं लक्षण मानलं जातं! तोंडून शब्द फुटायला थोडी हवा पुरते, जगायला तेवढी पुरत नाही. म्हणून पालथं पाडणं आणि पाठ, छाती, मान यांवर भार टाकणं यांना पूर्ण मनाई हवी. त्यात ‘शक्यतो’ हा शब्द नको.

खरा कळीचा मुद्दा मात्र कारणाचा आहे. ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये नियम बदलून केवळ सुव्यवस्था आणि शिस्त राखण्यासाठीही अशा केंद्रांत मुलांना जखडण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ८२ संस्थेतल्या मारहाणीला दंड सांगतं, पण शिस्त लावण्याच्या हेतूने दिलेल्या शारीरिक शिक्षेपुरतं. ‘मारलं नाही, फक्त धरलं’ असं म्हणणारा त्यातून निसटू शकतो. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९७ पाहा. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच बांधणं-धरणं. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढाच वेळ. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवणं. आणि शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कधीच नाही. ही चौकट मनोरुग्णालयातल्या प्रौढाला मिळते आणि बालगृहातल्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र इतक्या नेमक्या शब्दांत मिळत नाही, हे मला उफराटं वाटतं.

यावर पहिला आक्षेप असतो: मुलाने काचेचा तुकडा हातात घेतला तर बघत बसायचं का? मुळीच नाही. तिथे न धरणं हाच हलगर्जीपणा ठरेल, आणि कलम ९७ सारखी अट त्याच्या आड येतही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रात्रपाळीला एकटा काळजीवाहक, समोर पोरांचा घोळका. धाक गेला तर मार तोच खाणार. ही भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या येलच्या मुलांच्या मानसोपचार विभागात कर्मचाऱ्यांना वेगळी पद्धत शिकवली गेली: मूल कशाने भडकतं ते आधीच त्याच्याशी बोलून समजून घ्यायचं आणि अडचणीवर तोडगा दोघांनी मिळून काढायचा. तिथे मुलांना धरण्याचे प्रसंग वर्षाला २६३ वरून ७ वर आले. पण सुरुवातीच्या काळात कर्मचाऱ्यांना होणाऱ्या इजा काही काळ वाढल्या, हेही या प्रयोगाच्या अहवालात नोंदलेलं आहे. ते लपवून सुधारणा गळी उतरवू नये. तो दवाखान्याचा विभाग होता, आपल्या संस्थांत तेवढी माणसं नाहीत, हेही कबूल. पण माणसं कमी असणं हे जादा पदं मागण्याचं कारण आहे. त्याची किंमत मुलाच्या बरगड्यांनी का मोजावी? शिवाय आवाज न चढवणं, बघ्या पोरांना खोलीबाहेर काढणं, ‘टोस्टर उद्या बघू’ म्हणून विषय सोडणं, याला जादा माणूस लागत नाही. लागते ती अधीक्षकाची हमी, की माघार घेतलेल्या काळजीवाहकाला कुणी नेभळट म्हणणार नाही.

बालगृहांतही अशा प्रत्येक प्रसंगाची वहीत नोंद ठेवायची म्हटलं, तर कर्मचारी घाबरतील, असंही सांगितलं जातं. मला उलट वाटतं. आधी काय घडलं, कुणी काय म्हटलं, किती मिनिटं धरलं, श्वासावर लक्ष कुणाचं होतं, नंतर मुलाने स्वतः काय सांगितलं, हे त्याच दिवशी लिहिलेलं असेल तर खोट्या तक्रारीत काळजीवाहकाला तोच पुरावा आहे. हे वाचायला नवी यंत्रणाही नको. बाल न्याय कायद्यानुसार बालकल्याण समितीने महिन्यातून किमान दोनदा आणि बाल न्याय मंडळाने किमान एकदा आपापल्या संस्थांची तपासणी करायची असते. स्वयंपाकघर आणि हजेरीपट पाहून झाल्यावर त्यांनी ही वही मागावी. आणि ती महिनोन्‌महिने कोरी निघाली, तर शेरा मारण्याआधी मुलांशी एकांतात बोलावं.