नमनाचे तेल

‘नमनालाच घडाभर तेल’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्या गृहस्थाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तो बहुधा हिशेबनीस असावा. समईत तेल किती गेले हे त्याने नेमके मोजले. पण त्या उजेडात समोरच्या माणसांची तोंडे हळूहळू कशी एकाग्र होत गेली, हे पाहायला त्याला सवड झाली नसावी. माझा पक्ष नमनाचा आहे. चित्रपटगृहात अंधार झाल्यावर लोकांच्या पायांवर पाय देत येणारा मनुष्य मला वाङ्मयाचा शत्रू वाटतो. ‘सुरुवातीला विशेष काही नसतेच’ असे तो वर सांगतो, तेव्हा तर माझा संयम सुटू लागतो.

विशेष काही नसते म्हणजे काय? अमेरिकेच्या पश्चिम प्रांतातील घोडेस्वारांचे आणि पिस्तुलबहाद्दरांचे जे चित्रपट आहेत, त्यांच्यावर विद्वान लोक सहसा नाक मुरडतात. मला मात्र ते आवडतात, आणि आवडतात ते मुख्यतः त्यांच्या आरंभासाठी. १९५२ सालचा झिनेमनचा ‘हाय नून’ घ्या. रविवारची सकाळ आहे, लोक प्रार्थनामंदिराकडे चालले आहेत आणि तीन स्वार शांतपणे गावातून जात आहेत. त्यांनी अद्याप कोणाचे काही बिघडविलेले नाही. पण त्यांना पाहताच एक म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करते. बस्स! त्या तिघांचे सारे पूर्वचरित्र त्या एका खुणेत आले. पुढे हे तिघे स्थानकावर जाऊन दुपारच्या गाडीची वाट पाहत बसतात. गाडीतून यायचा तो खरा दुष्ट. त्याचे दर्शन होईपर्यंत चित्रपट जवळजवळ संपत येतो. तोवर आपण भितो ते त्याच्या नावाला.

१९६८ साली सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने हीच युक्ती कमालीच्या थराला नेली. त्याच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्येही तिघेजण एका ओसाड स्थानकावर गाडीची वाट पाहतात. एकाच्या टोपीवर पाणी ठिबकते, दुसरा तोंडावर बसणाऱ्या माशीने बेजार झाला आहे, तिसरा बोटे मोडतो. संभाषण जवळजवळ नाहीच. पण तिघांचे तीन स्वभाव आपल्याला समजतात. पाणी ठिबकू देणारा मनुष्य तेथून हलत नाही. पुढे तेच साठलेले पाणी तो टोपीतून पिऊन टाकतो! दुसरा त्या माशीला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि तिची गुणगुण ऐकत बसतो. अशा माणसाला क्रूर म्हणून वेगळे सांगावे लागत नाही.

आता हे सारे साहेबांच्या देशातले कौतुक झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून मी त्याला आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावास घेऊन जातो. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड याच गावचा आणि विठाबाईही इथल्याच. तमाशाच्या आरंभी ढोलकी आणि हलगी यांची जी झुंज लागते, तिच्यात शब्द एकही नसतो. पण ती ऐकून मंडपाबाहेर चहा पिणारा मनुष्य कपबशी ठेवून आत येतो. मग गण, आणि गणामागून गौळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या आहेत, आणि त्यांची वाट कोणीतरी अडविणार आहे. निर्जन वाट, निघालेला तांडा आणि आडवा येणारा पुरुष! अमेरिकन चित्रपटांची अर्धी कथानके यापलीकडे जात नाहीत. कृष्ण प्रथम येत नाही. येतो तो बोबडा, बावळट पेंद्या. आणि त्याच्याशी हुज्जत घालते ती मावशी, जिच्या लुगड्यात बहुधा एक मिशा काढलेला सोंगाड्या असतो. कृष्णाविषयी तक्रारी, धमक्या आणि चेष्टा ऐकूनच प्रेक्षकांच्या मनात कृष्ण तयार होतो. ‘हाय नून’मधील दुष्टाला जी सोय लाभली, ती आमच्या देवाला पूर्वीच लाभलेली आहे.

आपल्या जुन्या चित्रपटांनीही ही विद्या ओळखली होती. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा स्वस्थ बसून गातात, आणि लगेच सालोमालो तेच पद मुरक्या घेऊन स्वतःचे म्हणून गातो. पद तेच, पण साधू कोण आणि सोंग कोण, याचा निवाडा कथानकाला तोंड फुटण्यापूर्वीच झालेला असतो.

हे सांगण्याचे कारण असे की हे तेल आता आटू लागले आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० साली झाला. झोपणाऱ्यांच्या दृष्टीने तो योग्यच आहे, आणि मीही झोपणाऱ्यांपैकीच आहे. परंतु पहाटेपर्यंत चालणारा खेळ तीन तासांत बसवायचा, तर कात्री कोठे लावायची? ती प्रथम नमनाला लागते. पुढे तीच वगापर्यंत पोहोचते, कारण नमनावाचून वगाला बसण्याची प्रेक्षकांची तयारीच झालेली नसते. मग उरतात ती चित्रपटांतील गाणी.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. गेल्या वर्षी अशाच एका राहुटीत मी बसलो होतो. आंबेगाव तालुक्यातील एका गावचे चौघे पाहुणे आले. पैशाचे जुळले, तारीख जुळली. उठता उठता त्यांतील वडीलधारे म्हणाले, “मॅनेजर, गण-गौळण जरा आटपती घ्या. पोरांना गाणी पायजेत.”

“घेतो की,” व्यवस्थापक म्हणाले. “पण आण्णा, मग वगाला माणसं बसवायची कशी?”

आण्णांनी टोपी काढली, डोके खाजविले आणि बरोबरच्या तरुणाकडे पाहिले. तो भ्रमणध्वनीत गुंतला होता. “तुम्ही लहान होता, तवा मावशी कोण करायचं हो तुमच्यात?” आण्णांनी एकाएकी विचारले, आणि व्यवस्थापकांनी नाव सांगताच ते पुन्हा खाली बसले. मग त्या मावशीच्या नकला, तिचे चालणे, पेंद्याला दिलेली तिची उत्तरे यांत चांगला अर्धा तास गेला. तरुणानेही मध्येच मान वर केली.

अखेर गौळण वीस मिनिटांवर तुटली. सुपारीच्या कागदावर तसे लिहून घेण्यात आले आणि चहा मागविला गेला.