राक्षसांची बोली

राक्षस कसा दिसतो हे चित्रकाराने सांगावे; पण तो कसा बोलतो हे कोणी सांगावे? ज्याला कोणी कधी ऐकले नाही त्याच्या तोंडी आपण जी भाषा घालतो, ती अखेर कोणातरी माणसाचीच असते. आणि ती कोणाची निवडली यावरून राक्षसापेक्षा आपलीच ओळख अधिक पटते, असे आम्हांस वाटते.

या विचाराला निमित्त झाले ते मुलांच्या संगणकावरील खेळांचे. त्यांत नाना काल्पनिक जाती वावरतात व प्रत्येकीला नट आपला आवाज देतात. 2004 मध्ये निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातील बुटके स्कॉटिश ढबीची इंग्रजी बोलतात, तर ट्रोल नावाचे राक्षस जमैका बेटावरची. 2009 च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये बुटक्यांना अमेरिकी वळण दिले, आणि त्यामुळे त्यांच्या बुटकेपणात काही उणे आले नाही. म्हणजे ही सारी वाटणी निसर्गाची नव्हे, रूढीची होय.

ही रूढी आपल्यालाही नवी नाही. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी रणांगणावर रक्तमांसाची मेजवानी करणारे राक्षसजोडपे येते, ते मागधीत बोलते. मगधवासीयांनी असा कोणता अपराध केला होता? संस्कृत नाटकाच्या संकेताने राजाला संस्कृत दिली, गीतांना आपली महाराष्ट्री दिली आणि मागधी हलक्या पात्रांच्या पदरात टाकली. आपल्या वाट्याला मान आला, म्हणून त्या वाटणीकडे आपण कधी संशयाने पाहिले नाही, इतकेच.

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेच्या पौराणिक खेळांत राळेच्या भडक्यातून राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत येत. पुढे सुशिक्षितांनी याच शब्दाने त्या नाटकांना नावे ठेविली. परंतु त्या आरोळीत एक न्याय होता: ती कोणाचीच मायबोली नव्हती.

आमचे सावनेर मराठी मुलुखाच्या टोकावरचे. छिंदवाड्याच्या वाटेला लागले की मध्यप्रदेश दूर नाही. मराठी गद्याला ज्यांनी अलंकारांनी मढविले त्या राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी येथेच देह ठेविला. पण भोवतालची बोली ‘मले-तुले’ म्हणणारी, ‘येऊन राहिलो’ म्हणणारी. येथील आमचा एक विद्यार्थी, आवाजाने मोठा भरदार, एका ध्वनिमुद्रणशाळेत परीक्षा देण्यास गेला. त्याने राजाचे संवाद म्हटले. ऐकणारे गृहस्थ हसून म्हणाले, “आवाज राजाचा आहे, पण बोली राक्षसाच्या नोकराची.” मग तेच काम त्याला मिळाले, आणि ‘मले-तुले’ अंमळ वाढवून म्हणण्याची सूचनाही. पैसे त्याने घरी दिले; पण ते काम घरी ऐकविले नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “सर, तो राक्षस आमच्या मायवानी बोलते.”

यावर आम्हांस बोलण्यासारखे काही राहिले नाही. कोणी म्हणेल, विनोदाला बोलीचा रंग हवाच. असावा, त्याला आमची ना नाही. गाऱ्हाणे रंगाविषयी नसून तो नेहमी एकाच अंगरख्याला लावण्याविषयी आहे. गाडगेबाबांचे कीर्तन वऱ्हाडीतच चाले, आणि शहरोशहरीची माणसे ते ऐकण्यास लोटत. त्या वाणीत कोणाला राक्षस दिसला नाही. जी बोली संताला शोभली ती राजाला का शोभू नये?

राक्षसांना आवाज अवश्य द्यावेत. मुलांना त्यांची गरज आहे. पण भाषा देताना दात्याने एवढे स्मरावे, की राक्षस कल्पित असला, तरी त्याच्यासारखे बोलणारी आई कोठेतरी खरी असते.