कॅपच्या आतला काळपट थर

१/ सोने गंजत नाही, म्हणून माणसाने ते हजारो वर्षे जपले. दातांच्या कॅपच्या इतिहासात मात्र सोन्याचा हाच गुण आडवा आला.

२/ डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड (विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या आईचे वडील) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून दाताचे आवरण घडवले. बसवण्यापूर्वी पत्रा सोलून काढत. आवरण देखणे होते, पण ठिसूळ.

३/ आत धातूचा आधार द्यावा, तर भट्टीतून निघून थंड होताना धातू जास्त आकसे आणि पोर्सिलेन तडके. वाइनस्टीन आणि कॅट्झ यांना १९६२ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटांनी ही कोंडी फोडली. ल्युसाइट या स्फटिकामुळे पोर्सिलेनचे प्रसरण सोन्याच्या मिश्रधातूशी जुळवता आले.

४/ पोर्सिलेनची पकड मात्र धातूवरच्या ऑक्साइडवर बसते आणि शुद्ध सोन्यावर तो धरतच नाही. म्हणून सोन्यात कथील, इंडियम, लोह अत्यल्प प्रमाणात मिसळले गेले. तापवल्यावर पृष्ठभागावर त्यांचा थर येतो. या तापवण्याला प्रयोगशाळांत ‘डीगॅसिंग’ म्हणतात, जणू वायू बाहेर काढायचा आहे! वस्तुतः तो मुद्दाम आणलेला गंजच.

५/ भट्टीला मात्र आत-बाहेर कळत नाही. पोर्सिलेनचे थर एकामागून एक भाजले जातात आणि दर भाजणीत कॅपच्या आतही ऑक्साइड वाढतो. तिथे तो घातक. सिमेंट त्या थराला धरते आणि थरच धातूपासून सुटला तर जेवतानाच कॅप हातात येते. म्हणून कडेचे पोर्सिलेन सांभाळत आत ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिना कणांचा झोत मारतात.

६/ ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलर आणि सोने यांची सांगड तोडली. औंसाला ३५ डॉलर हा सरकारी दर असलेले सोने जानेवारी १९८० मध्ये ८०० डॉलरच्या पुढे गेले. दंतप्रयोगशाळा निकेल-क्रोमियमकडे वळल्या. या धातूवर ऑक्साइड भरभरून येतो. बाहेर तो जाड झाला तर पोर्सिलेनच निखळते, आत काळपट थर साचतो. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाने तंत्रज्ञाच्या टेबलावरची घासाघीस अशी वाढली.

७/ पेटंटांवर नावे आहेत. झोत मारणाऱ्या हातांची खूण म्हणजे कॅपची आतली करडी, खरखरीत बाजू. सिमेंट भरले की तीही दिसेनाशी होते.