चौदा खटके

आमच्या रानशेतला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर डहाणू रोड गाठावे लागते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या स्टेशनात तिकिटे देत. दिवसभर लोकांना गाड्यांत बसवून हा माणूस संध्याकाळी स्वतः मात्र एस.टी.च्या पत्र्यावर डोके आपटत घरी येई. त्याचीच भरपाई म्हणून की काय, १९६८ साली त्यांनी आमच्या माजघरात स्वतःची रेल्वे सुरू केली.

मुंबईच्या चोरबाजारातून ते एक जर्मन बनावटीचे काळे इंजिन, तीन डबे आणि पिशवीभर रूळ घेऊन आले. पुढे रूळ वाढले, दुसरे इंजिन आले, आणि माजघराचे वऱ्हांड्यात स्थलांतर करावे लागले. खऱ्या गाडीहून सत्त्याऐंशी पटींनी लहान असा हा सगळा संसार. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. कागदाच्या लगद्याचा महालक्ष्मीचा डोंगर केला आणि त्याच्या पोटातून बोगदा काढला. विवळवेढ्याच्या खऱ्या डोंगराखालून कुठलीच गाडी जात नाही, हे आम्हां मुलांना शाळेत गेल्यावर कळले. शेजारच्या पाड्यावरच्या एका आजोबांनी कारवीच्या काड्यांची, शेणमातीने लिंपलेली चार घरे करून दिली. ती अजून शाबूत आहेत. आमच्या घराची कौले मात्र तीनदा बदलली.

पण या रेल्वेचे खरे वैभव म्हणजे अण्णांची खटक्यांची फळी. त्या वेळची रीत अशी, की रुळांत वीज सोडायची आणि तिचा दाब कमीजास्त करायचा. दाब वाढला की गाडी पळते, टोके उलटी केली की मागे येते. यात मेख अशी, की एका रुळावर दोन इंजिने ठेवलीत तर दोन्ही एकदमच धावणार. म्हणून अण्णांनी मार्गाचे चौदा तुकडे पाडले आणि प्रत्येकाला एक खटका दिला. वर केला की तो तुकडा दादाच्या ताब्यात, खाली केला की माझ्या. प्रत्येक खटक्याखाली अण्णांच्या टपोऱ्या अक्षरांत नावे होती : सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव... एका हाताने वेग सांभाळायचा, दुसऱ्याने खटके. "एका तुकड्यात एकच इंजिन" हा अण्णांचा पहिला कायदा. दुसरा कायदा वीज जाण्याचा. वीज गेली की अण्णा अंधारात ओरडत, "बटण शून्यावर!" कारण बटण तसेच राहिले तर वीज परतताच इंजिन झेप घेऊन वळणावर आडवे होई.

अण्णा गेले. दादा आणि मी साठी ओलांडूनही दर दिवाळीत ती गाडी चालवत आलो. आमच्या बायकांच्या मते या घरात खरी मुले कधी मोठी झालीच नाहीत. तीन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. बोलणे सावकाश का होईना, परत आले. उजवा हात आला नाही. त्या दिवाळीत खुर्चीतून तो नुसता पाहत बसला. एका हाताने बटण फिरवायचे की खटका? मी एकट्याने गाडी फिरवून दाखवली. पण समोर कोणी खटका घेणारा नसेल तर वाणगावहून गाडी सोडण्यात काय राम आहे!

तेव्हा मी डिजिटल कमांड कंट्रोलचा ध्यास घेतला. जर्मनीतल्या बर्न्ड लेंझ यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या या पद्धतीला पुढे अमेरिकेतल्या संघटनेने प्रमाण मानले, आणि आता जगभरच्या हौशी मंडळींत ती रूढ झाली आहे. तिची गंमत वाचकांना एका वर्गाच्या दाखल्याने सांगतो. रुळांत सदैव पुरी वीज असते, साधारण पंधरा व्होल्ट, आणि ती सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. या लहानमोठ्या ठोक्यांतूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डीकोडर बसवतात आणि त्याला हजेरीचा नंबर देतात. मास्तरांनी "सात" म्हटले की सात नंबरचाच मुलगा उठतो, बाकीचे ऐकूनही बसून राहतात. म्हणजे तुकडे नकोत, खटके नकोत. हातात मावेल असा एक नियंत्रक, अंगठ्याने फिरणारे चाक. एक हात पुरे.

दादाने सगळे ऐकले आणि म्हणाला, "अण्णांची वायर कापायची नाही."

मी विरारचा दाखला काढला. आपल्याच पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरारपर्यंत दीड हजार व्होल्टची एकदिश वीज होती आणि विरारच्या पुढे पंचवीस हजारांची उलटसुलट. लांबच्या गाड्यांना दोन्ही विजांवर चालणारी इंजिने जोडत. २०१२ साली तो सगळा मार्ग बदलला. रेल्वेने बदलले, मग आपण का नाही?

"रेल्वेचे अण्णा नव्हते," दादा म्हणाला.

शेवटी तह झाला. अण्णांच्या वायरी फळ्यांखाली जशाच्या तशा राहतील, फक्त सुट्या होतील. मी शेजारून नवी जाड जोडवायर फिरवीन आणि तिच्यातून प्रत्येक रुळाला फांदी देईन. अण्णांच्या घंटीच्या वायरी तशाही या वजनाला पुऱ्या पडल्या नसत्या. पावसाळ्याचे दोन महिने मी फळ्यांखाली उताणा पडून डाख देत होतो. रुपयाचे नाणे रुळांवर आडवे ठेवले की यंत्राने लगेच वीज तोडली पाहिजे, ही परीक्षा चौदाही ठिकाणी उतरली. मग उरले काळे इंजिन.

जुन्या इंजिनात मोटरीचा एक ब्रश सांगाड्यालाच टेकलेला असतो आणि सांगाडा चाकांतून रुळाला. जुन्या रीतीत त्याने काही बिघडत नसे. नव्यात मात्र लाल-काळ्या वायरी रुळांकडून डीकोडरकडे, आणि नारिंगी-करड्या डीकोडरकडून मोटरीकडे. मोटर आणि रूळ यांची थेट भेट होता कामा नये. मी ब्रशखाली अभ्रकाचा तुकडा घातला, सगळे बांधले आणि अधीरपणे इंजिन सरळ मुख्य रुळावर ठेवले. आधी कमी विजेच्या रुळावर तपासायचे असते, हे पुस्तकात ठळक छापले होते. वाचलेही होते. उदबत्तीएवढा धूर निघाला. साडेतीन हजारांचा डीकोडर गेला त्याचे दुःख नव्हते. इंजिनाला जळका वास येत होता आणि तो दादापर्यंत पोचला होता.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी सांगत आल्या, "इंजिन मागताहेत." मी ते त्याच्या मांडीवर ठेवले. डाव्या हाताने त्याने ते उलटे केले, चष्मा लावायला सांगितला आणि बराच वेळ पाहिले.

"हा स्क्रू मूळचा नाही," तो म्हणाला. "मूळचा माझ्याकडून हरवला. सातवीत होतो. अण्णांनी घड्याळाचा घातला. लांब आहे तो."

लांब स्क्रू अभ्रकाच्या पलीकडे जाऊन सांगाड्याला टेकत होता. मीटर लावून पाहिले, तंतोतंत तेच. आणि मोटर जिवंत होती. पन्नास वर्षे हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. अण्णांनीही त्याचे नाव कधी घेतले नव्हते.

मी प्लॅस्टिकचा लहान स्क्रू घातला. नवा डीकोडर कारखान्यातून तीन नंबर घेऊन येतो. दादाने तो बदलून चौदा करायला लावला.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी दादा खुर्चीत, नियंत्रक डाव्या हातात. मी दुसऱ्या इंजिनावर. खटक्यांची फळी भिंतीवर टांगली होती. पहिल्या दोन फेऱ्या त्याने अगदी कायद्याने घेतल्या. तिसऱ्या फेरीत माझी गाडी वाणगावला उभी असताना त्याने काळे इंजिन मुद्दाम त्याच तुकड्यात घातले आणि माझ्या शेवटच्या डब्यापासून बोटभर अंतरावर आणून थांबवले. मग भिंतीवरच्या फळीकडे पाहून मिशीत हसला.

मी पुढे सरकलो, तो माझ्या मागून बोगद्यात शिरला, आणि तेवढ्यात वीज गेली. अंगणातल्या पणत्यांचा उजेड तेवढा वऱ्हांड्यात राहिला. पाच मिनिटांनी दिवे आले. मी सवयीने उठून फळीकडे धावलो, वाणगावचा खटका ओढलाही. त्याला एकही वायर नव्हती. डोंगराखाली इंजिन मुकाट उभे होते, हुकुमाची वाट पाहत.

"बस रे खाली," दादा म्हणाला आणि सावकाश, अगदी सावकाश, त्याने अंगठ्याने चाक फिरवायला सुरुवात केली.