पाण्याची राखण

सुपीरियर सरोवराची लांबी-रुंदी मुले पाठ करतात नि विसरतात. म्हणून मी त्यांना जोसेफिन मंडामिन या आजीबाईंची गोष्ट सांगतो. तिथल्या ओजिब्वे लोकांत पाण्याची राखण बायकांकडे. २००३ साली आजीबाई भरली बादली घेऊन (तांब्याची हो, दिवाळीतल्या आपल्या घंगाळासारखी!) सरोवराभोवती पायी निघाल्या, पुढे पाचही महासरोवरांना प्रदक्षिणा झाल्या. बादली या हातातून त्या हातात जायची, पण चालते पाणी वाटेत थांबवायचे नाही. त्यांची नात लागणारी ऑटम पेल्टिए २०१८ मध्ये, तेराव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघात पाण्यासाठी बोलली. आठेक वर्षांची असताना तिने ह्यूरन सरोवराकाठच्या एका आदिवासी वस्तीत पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी पाहिली होती.

“सरोवर शेजारी असून?” मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो. त्याच्या उत्तराला माझा तास पुरत नाही.