गॅस संपलेला नसतो

मे महिन्यातल्या दुपारी नवीन जालन्यातल्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘गॅस कमी झालाय, टाकावा लागेल.’ एसी चालू असतो, आतला पंखा फिरत असतो, रिमोटवर 24 चा आकडा दिसत असतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, काट्याकडे एक नजर टाकतो आणि सिलिंडर जोडतो. हजारांतलं बिल होतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच बिल. ज्या डब्याला सिलिंडर जोडला त्याचं झाकण मात्र उघडलं जात नाही. घरमालक उघडा म्हणत नाही आणि मेकॅनिक आपणहून उघडत नाही. हे मला फार खुपतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आउटडोअर युनिट उघडून आतून धुतल्याशिवाय गॅसचा विषय कोणी काढू नये, आणि काढलाच तर घरच्या माणसाने तो मान्य करू नये.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या नळ्यांच्या बंद वर्तुळात तो फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेऊन बाहेर जातो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती सोडून द्रव होतो आणि परत आत येतो. यात खर्च होणारं काही नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुधा नळ्यांच्या नटांच्या जोडावर असते, नाहीतर कॉइलला बारीक भोक पडलेलं असतं. साबणाच्या पाण्याचा फेस लावला तरी मोठी गळती बुडबुड्यांनी दिसते. म्हणजे ज्या घरात दरवर्षी गॅस टाकावा लागतो त्या घरात दोनपैकी एक गोष्ट खरी असते: एक तर गळती तशीच ठेवून दरवर्षी तिच्यात पैसे ओतले जातात, किंवा गॅस मुळात कमी झालेलाच नव्हता. पहिल्या प्रकारात नुकसान फक्त खिशाचं होत नाही. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-32 असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट उष्णता धरून ठेवतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे चांगल्या मशीनचं नुकसान दुरुस्तीच्या नावाखाली केलं जातं.

बाहेरच्या कॉइलवर धुळीचा थर बसला की हवा आरपार जात नाही. मग आतल्या गॅसला उष्णता सोडण्यासाठी आणखी तापावं लागतं. बाहेर 42 अंश असताना स्वच्छ कॉइलमध्येही गॅस साधारण 55 अंशांच्या आसपास द्रव होतो. थर बसल्यावर तो आकडा आणखी चढतो, त्याबरोबर दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. हे तापमान एका अंशाने वाढलं की विजेचा वापर ढोबळमानाने दोन-तीन टक्क्यांनी वाढतो असं या धंद्यात धरतात. शेवटी साधा कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडतो. इन्व्हर्टर असेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि काहीही न सांगता गारवा निम्म्यावर येतो. गॅस खरोखर कमी असला की याच्या उलट घडतं: दाब उतरलेला असतो, करंट कमी असतो, आतल्या कॉइलवर किंवा बारीक नळीवर बर्फ धरतो. म्हणजे दोन्ही दुखण्यांत गारवा सारखाच कमी, पण लक्षणं एकमेकांच्या अगदी विरुद्ध. एक टाँग टेस्टर लावून करंट मोजला आणि तो युनिटवरच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिला, की निम्मं निदान होतं. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. पण घरगुती स्प्लिट एसीला बहुतेक वेळा गेज लावायची जागा एकच असते आणि ती कमी दाबाच्या बाजूची असते. जास्त दाबाच्या बाजूला काय चाललंय हे त्या काट्यावरून कळत नाही. तेवढ्या अर्ध्या पुराव्यावर निकाल दिला जातो. त्यावर आणखी गॅस भरला, की आधीच दाबाने गुदमरलेल्या कॉम्प्रेसरवर दाब वाढतो. गेजचा काटा हलतो, तासभर फरक पडल्यासारखा वाटतो, संध्याकाळी बाहेरची हवा उतरते आणि एसी आपोआप बरा चालू लागतो. घरच्यांना वाटतं, गॅस लागू पडला. मला सर्वांत जास्त चीड या संध्याकाळच्या फसव्या सुधारणेची येते, कारण तिच्यामुळे चुकीचं निदान खरं ठरतं आणि पुढच्या वर्षी घरमालक स्वतःच फोनवर सांगतो, ‘गॅस घेऊन या.’ जो एसी पहाटे छान गारवा देतो आणि दुपारी दोनला मान टाकतो, त्याच्या गॅसवर संशय घेण्याआधी त्याच्या कॉइलवर घ्यायला हवा. गॅस कमी असलेला एसी पहाटेही रडतोच.

नवीन जालन्यात हा संशय घ्यायला तर जास्तच कारण आहे. काळ्या मातीची उन्हाळ्यात होणारी पूड, सतत कुठेतरी उकरलेले रस्ते, हिवाळ्यात कापूस वाहणाऱ्या गाड्यांमागे उडणारी रुई, आणि भंगार वितळवून सळया करणारं शहर ही जालन्याची ओळख. कुंडलिका नदीच्या दोन्ही बाजूंना गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं जे होतं तेच कॉइलचं होतं. फरक एवढाच की कपडे संध्याकाळी काढले जातात आणि कॉइल वर्षानुवर्षं तिथेच राहते, वर पंखा तिच्यातून हवा ओढत राहतो. आता ही धूळ बसते कुठे, ते नीट पाहायला हवं. पंखा हवा समोर फेकतो, पण ओढतो मागून आणि एका बाजूने. म्हणजे मळ बसतो तो कॉइलच्या पाठीवर, भिंतीकडे तोंड असलेल्या त्या वीतभर फटीत, जिथे ना डोळा पोहोचतो ना हात. समोरच्या जाळीवर पाइपने पाणी मारून जी ‘सर्व्हिसिंग’ होते ती पंखा धुते, कॉइलपर्यंत नीट पोहोचतच नाही. बाजूच्या उघड्या कॉइलवर बाहेरून जोरात पाणी मारलं तर बारीक मळ पत्र्यांच्या फटींत आणखी खोल जातो आणि वाळल्यावर लिंपल्यासारखा घट्ट बसतो. पावसाने युनिट धुतलं जातं असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे: पाऊस समोरून आणि वरून येतो, धूळ पाठीवर असते, आणि अर्धवट भिजलेल्या धुळीचा चिखल होतो.

म्हणून उघडणं अटळ आहे. आधी एमसीबी बंद करायचा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. वरचं झाकण आणि पुढचा पत्रा काही स्क्रूंवर असतात, ते काढले की पंखा आणि त्यामागची कॉइल समोर येते. कोरडा मळ आधी मऊ ब्रशने, पत्र्यांच्या उभ्या रेघांच्या दिशेनेच काढायचा. हे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि कागदासारखे पातळ असतात, आडवा हात फिरवला की मुडपतात आणि मुडपलेल्या जागी हवा बंद होते. मग साधं पाणी, कमी जोराचं, आतून बाहेरच्या दिशेने, म्हणजे धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत जाईल असं. गाड्या धुणारा जेट जवळून मारला तर एका मिनिटात कॉइलची पाठ आडवी होते, तो इथे नकोच. कॉम्प्रेसरच्या बाजूला विजेचा कप्पा असतो, त्यावर प्लास्टिक बांधायचं. खालच्या तळपत्र्यातली पाला-मातीने बुजलेली भोकं मोकळी करायची, नाहीतर तिथे पाणी साचून पत्रा गंजतो. एवढं झाल्यावर सगळं वाळू द्यायचं आणि मगच चालू करायचं. यात कुठेही गॅसच्या नळीला हात लागत नाही.

आमच्याकडे पहिला आक्षेप पाण्याचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर जगलेलं हे शहर आहे. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आणि जायकवाडीहून येणारी पाइपलाइन असूनही नळाला पाणी येण्याचा दिवस इथे लक्षात ठेवावा लागतो. एसी धुवायला पाणी कुठून आणायचं? पण कोरडा मळ आधी ब्रशने काढला तर दोन बादल्या पुरतात. कूलरला उन्हाळ्यात रोज लागणाऱ्या पाण्यापुढे हे वर्षाचं पाणी काहीच नाही. खरं तर पाण्याच्या टंचाईमुळेच कित्येक घरं कूलर सोडून एसीकडे वळली. पाणी किती यापेक्षा कोणतं, याची काळजी जास्त घ्यावी. बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि आरओचं टाकाऊ पाणी त्याहून खारट. त्याने धुतलं तर पत्र्यांवर पांढरा थर राहतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. उलट एसीच्या आतल्या युनिटमधून नळीने टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी ते भरपूर मिळतं. बहुतेक घरांत ते गटारात जातं. शेवटची धुलाई त्या पाण्याने केली तर त्याहून चांगलं पाणी जालन्यात शोधूनही सापडणार नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. वीज, उंची, कंपनीची वॉरंटी. विजेचा धोका खरा आहे. एमसीबी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, इन्व्हर्टर मशीनमध्ये तर काही मिनिटं राहतो. त्यामुळे विजेचा कप्पा घरच्या माणसाने उघडू नये, आणि वॉरंटीतल्या मशीनचा स्क्रूही कंपनीच्या माणसाकडूनच फिरवून घ्यावा. युनिट गच्चीवर किंवा ऐसपैस बाल्कनीत असेल तर बाकीचं काम घरी होण्यासारखं आहे. पाडव्याच्या सुमाराला कूलर खाली काढून, जुन्या जाळ्या फेकून नव्या बसवणारी, टाकीतला क्षार खरवडणारी, पंपाच्या जोडणीला चिकटपट्टी लावणारी हीच घरं आहेत. ती हातोटी एसी आला म्हणून नाहीशी झालेली नाही. पण युनिट भिंतीवर लटकत असेल तर घरच्या कोणीही तिथे जाऊ नये, मेकॅनिकला बोलवावं आणि काम आपल्यासमोर करून घ्यावं. उघडलेली कॉइल पाहणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

इथपर्यंत सगळा दोष मेकॅनिकवर ठेवला, आणि तो ठेवताना मला चीडच येत होती. पण हिशेब पुढे नेला की ती चीड तशीच टिकत नाही. युनिट पूर्ण उघडून, आतून धुऊन, वाळवून बसवायला चांगला तास-दीड तास जातो. तेवढ्या कामाचे पैसे सांगितले की ‘नुसतं पाणी मारायचे एवढे?’ असा प्रश्न आपण विचारतो. गॅसचे त्याच्या कितीतरी पट पैसे आपण न बोलता देतो, कारण सिलिंडर दिसतो, वस्तू घेतल्याचं समाधान मिळतं. ज्याला तीन महिन्यांच्या हंगामात वर्षाची कमाई करायची आहे तो माणूस काय विकेल? जे विकलं जातं ते. आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवून हे काम शिकलेला मुलगाही या बाजारात उतरला की महिन्याभरात हेच शिकतो. भारत सरकारच्या 2019 च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये या क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. प्रमाणपत्र हवंच, पण ग्राहक जोवर धुण्याला फुकटचं काम समजतो तोवर प्रमाणित माणूसही सिलिंडरच काढणार. तरीही मी त्याला पूर्ण मोकळं सोडणार नाही. टाँग टेस्टर त्याच्या पिशवीत असतो. तो न लावता गॅस भरणं हे गरिबीतून आलेलं नाही.

विजेच्या बिलाचं एक बोलायला हवं, कारण तिथे आकडे समोर असतात. एसीवरच्या पाच किंवा तीन स्टारांची चिठ्ठी प्रयोगशाळेत, स्वच्छ कॉइलवर केलेल्या चाचणीची असते. बरबटलेल्या कॉइलचा पाच स्टार एसी त्या चिठ्ठीचा राहत नाही. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, म्हणजे उन्हाळ्यात वाढलेली युनिटं सर्वांत महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. जादा पैसे देऊन घेतलेले दोन स्टार धुळीत जातात आणि दोष महावितरणच्या मीटरला दिला जातो.

राहिला प्रश्न त्या भिंतीवर लटकलेल्या युनिटांचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. नवीन जालन्यात आता चार-पाच मजल्यांच्या इमारती भराभर उभ्या राहत आहेत. त्यांतल्या कितीतरींमध्ये एसीच्या बाहेरच्या युनिटला जागाच ठेवलेली नसते. मग ते दोन लोखंडी ब्रॅकेटवर, खिडकीपासून हातभर लांब, नाहीतर डक्टच्या बोळात, वरचं युनिट खालच्याची गरम हवा पीत असं टांगलं जातं. तिथे ते उघडायचं तर कोणीतरी खिडकीतून बाहेर पडून, एका हाताने ग्रिल धरून, पट्ट्याशिवाय स्क्रू काढणार. ‘उघडून धुवा’ असा आग्रह धरताना आपण एका माणसाला तिथे उभं करतो हे मला विसरता येत नाही. सेफ्टी बेल्ट नसेल तर काम नको, हे घरमालकानेच सांगायला हवं, युनिट मळकं राहिलं तरी चालेल. जालन्याची नगरपालिका 2023 मध्ये महानगरपालिका झाली. नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना प्रत्येक बेडरूममागे माणसाला उभं राहता येईल असा, कठडा असलेला, मोकळ्या हवेतला ओटा तिने मागावा. चार फूट रुंद आणि अडीच फूट खोल जागा पुरे, दार आतून उघडणारं हवं आणि पाण्याला उतार हवा.