गोठणारा धातु

धातु वितळतांना पाहण्यास गर्दी जमते. तो गोठतांना पाहण्यास कोणी थांबत नाहीं. भट्टींतील रसाचा थाट डोळे दिपविणारा असतो हें खरें. परंतु धातूचे गुणदोष बव्हंशीं ठरतात ते तो निवत असतांना, आणि तेंही कोणास न दिसतां.

‘जालना, सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. त्या पाळण्यांत आतां पोलाद झोंके घेतें असें म्हटल्यास जालनेकर रागावणार नाहींत. तेथील औद्योगिक वसाहतींत भंगार लोखंड विजेच्या भट्टींत सोळाशें अंशांच्या आसपास वितळवितात, त्याचे लांबट चौकोनी बिलेट ओततात व ते लाटून सळ्या काढतात. आमच्या-तुमच्या डोक्यावरील स्लॅब ज्यांच्या भरंवशावर टिकून असतो, त्याच या सळ्या. तेव्हां हा विषय केवळ पंडितांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

गोठणें म्हणजे रसांत सैरावैरा धांवणाऱ्या अणूंनीं रांगेंत उभें राहणें. स्फटिकांतील ही रांग क्ष-किरणांनीं ओळखतां येते, हें १९१२ सालीं जर्मनींत मॅक्स फॉन लौए व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. रसांतून गेलेले किरण एक अंधुक कडें उमटवितात; स्फटिक बनूं लागतांच ठसठशीत ठिपके दिसूं लागतात. ठिपक्यांच्या जागेवरून रचना कळते, त्यांच्या वाढत्या तेजावरून स्फटिकांची वाढ.

लोखंड मात्र या बाबतींत मोठें अबोल. तें क्ष-किरण गिळून टाकतें. मॅग्नेशियमचा स्वभाव उलट. लोखंडाच्या चौथाईहूनही हलका, ६५० अंशांवर गोठणारा हा धातु किरणांस सहज वाट देतो. (उघड्या हवेंत वितळविला तर पेट घेतो, एवढा एक त्याचा दुर्गुण!) म्हणून हांबुर्ग येथील ‘पेट्रा-३’ या प्रचंड यंत्रांतून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांसमोर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे लहानसे नमुने निववून, ते गोठत असतांनाच त्यांचें अंतरंग संशोधकांनीं पाहिलें आहे.

मॅग्नेशियमांत नऊ टक्के ॲल्युमिनियम घातलें, तर प्रथम मॅग्नेशियमच्या षट्कोनी रचनेच्या स्फटिकांस झाडासारख्या शाखा फुटतात. ॲल्युमिनियम मागें ढकललें जातें आणि शाखांमधील उरल्यासुरल्या रसांत साचतें. हा रस सर्वांत शेवटीं, ४३७ अंशांच्या सुमारास गोठतो, आणि त्यांतून एक ठिसूळ संयुग तयार होतें. ओतीव वस्तूस गोठतांना तडा जावयाचा असेल तर तो बहुधा या शेवटच्या टप्प्यांतच जातो.

हें वर्णन आम्हीं जालन्याच्या एका वयस्क मिस्त्रींस ऐकविलें. क्ष-किरणांचें त्यांस फारसें अप्रूप वाटलें नाहीं. शेजारींच एक कापलेला बिलेट पडला होता, त्याच्या ऐन मध्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “मधलं शेवटाला गोठतं, साहेब. खोट निघाली तर इथंच निघते.”